रंग लॅबच्या भरवशावर सोडू नका

‘कलर मॅनेजमेंट हे नसतं खूळ आहे. मॉनिटर स्वतः उजेड फेकतो, कागद बाहेरचा उजेड परतवतो. या दोघांचं कधीच जुळणार नाही. मग प्रोफाईल, कॅलिब्रेशन या भानगडीत पडायचंच कशाला? बरी लॅब धरावी, फाइल पाठवावी, मशीन सगळं सांभाळून घेतं. वर डोळा तयार असला की झालं. आणि ग्राहकाला यातलं कळतं कुठे?’

छायाचित्रणाच्या व्यवसायात हे बोलणं मी वर्षानुवर्षं ऐकत आलो आहे. नवशिके असं बोलतात तेव्हा समजू शकतं. पण हल्ली हंगामाला लग्नांमागून लग्नं करणारे, कार्यशाळा घेणारे, ज्यांच्या शब्दावर या धंद्यात येणारी तरुण मुलं-मुली विसंबतात असे अनुभवी लोकही हेच सांगू लागले आहेत. त्यामुळे याला सविस्तर उत्तर देणं भाग आहे. या म्हणण्यातलं मॉनिटर आणि कागद जुळत नाहीत हे वाक्य अर्धं खरं आहे आणि बाकीची सगळी वाक्यं त्या अर्ध्या सत्याच्या आधारावर उभी आहेत.

जे खरं आहे ते आधी मान्य करतो. चांगल्या मॉनिटरवर सर्वांत उजळ आणि सर्वांत काळ्या बिंदूतलं अंतर हजारास एक किंवा त्याहून जास्त असतं. उत्तम चकचकीत फोटो पेपरवर ते दोनशेस एकच्या आसपास येतं, मॅट कागदावर तर पन्नासास एकच्या घरात. स्टेजवरच्या एलईडी दिव्यांचा तो झगझगीत निळा मॉनिटर दाखवू शकतो. कागदावरची कुठलीही शाई किंवा रंगद्रव्य तो जसाच्या तसा देऊ शकत नाही. म्हणून ‘स्क्रीनवर दिसतं तसं हुबेहूब कागदावर उतरवून देतो’ असं सांगून जो कोणी उपकरणं किंवा कोर्स विकतो, तो ग्राहकाची फसवणूक करतो. हे मी कलर मॅनेजमेंटचा कट्टर पुरस्कर्ता म्हणून म्हणतो आहे.

पण हुबेहूब जुळवून देण्याचं वचन या शास्त्राने कधी दिलेलंच नाही. कागदावर काय उतरणार आणि काय उतरणार नाही हे प्रिंट काढण्याआधी कळावं, आणि जे उतरणार नाही त्याचं काय करायचं हे माणसाने ठरवावं, एवढंच त्याचं काम. निळा जांभळट होणार असेल तर तो आधी दिसू द्या. मग तो थोडा गडद ठेवायचा की फिका पडू द्यायचा, हे छायाचित्रकार पाहील. ‘जुळत नाही म्हणून सोडून द्या’ असं म्हणणारा हा निर्णय टाळू शकत नाही. निर्णय होतोच, फक्त तो दुसरं कुणीतरी घेतं, आणि अनेकदा ते कुणीतरी म्हणजे कारखान्यात ठरवलेली एक सेटिंग असते.

आता फाइलमधल्या आकड्यांकडे येऊ, कारण अडाणीपणाने होणारं सर्वांत जास्त नुकसान इथे होतं. समजा, एका सावळ्या-गव्हाळ चेहऱ्याच्या उजळ भागातल्या एका पिक्सेलचे आकडे एसआरजीबीमध्ये लाल 200, हिरवा 150, निळा 120 असे आहेत. नेमकी तीच छटा ॲडोबी आरजीबीमध्ये लिहायची तर आकडे होतात साधारण 186, 149 आणि 121. छटा तीच, आकडे वेगळे. फाइलला ॲडोबी आरजीबीचं प्रोफाईल जोडलेलं असेल आणि छापणारी यंत्रणा ते वाचत असेल, तर काहीच बिघडत नाही. पण प्रोफाईल काढून टाकलं, किंवा लॅबच्या सॉफ्टवेअरने ते न वाचता फाइल सरळ एसआरजीबी धरून चालवली, तर लाल 14 अंकांनी खाली आलेला असतो आणि बाकीचे दोन जवळपास जागच्या जागी. चेहऱ्यातली लाली निघून जाते. कातडी मरगळलेली, किंचित हिरवट दिसते. माणूस आजारी वाटतो. मग कुणीतरी म्हणतं, ‘या लॅबचा कागद हिरवा मारतो.’ कागद हिरवा मारत नाही. आकड्यांचा अर्थ सांगणारी चिठ्ठी वाटेत हरवलेली असते.

‘लाल 200’ हा स्वतःहून कुठलाच रंग नसतो. कुठल्या यंत्राचं 200, हे सांगितलं की त्याला अर्थ येतो. माणसाच्या डोळ्याला दिसणारा रंग यंत्राशिवाय मोजता यावा म्हणून विल्यम डेव्हिड राइट आणि जॉन गिल्ड यांनी इंग्लंडमध्ये प्रत्यक्ष माणसांच्या डोळ्यांवर प्रयोग केले आणि त्यांच्या आधारे 1931 साली प्रकाश आणि रंगाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने, म्हणजे सीआयईने, रंगमापनाची पद्धत घालून दिली. 1976 मध्ये त्यातूनच सीआयई-लॅब हे रंगमापन आलं. आणि 1993 मध्ये ॲडोबी, ॲपल, कोडॅक, ॲग्फा, मायक्रोसॉफ्ट यांच्यासह आठ कंपन्यांनी एकत्र येऊन इंटरनॅशनल कलर कन्सॉर्शियम (आयसीसी) स्थापन केलं. बाजारात एकमेकींच्या उरावर बसलेल्या कंपन्यांनी एका गोष्टीवर एकमत केलं: प्रत्येक यंत्राने आपले आकडे डोळ्याच्या मापात काय होतात ते एका ठराविक साच्याच्या फाइलीत सांगायचं. तेच आयसीसी प्रोफाईल. यात खूळ कुठे आहे? किराणा दुकानातला तराजू सरकारने तपासून शिक्का मारलेला असावा, अशी आपण अपेक्षा करतो. रंगाच्या बाबतीत तोच आग्रह धरला की तो नखरा कसा काय होतो?

‘मी हे सगळं करून पाहिलं. उलट प्रिंट जास्तच बिघडली.’ हा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो, कारण तो अनुभवातून आलेला असतो आणि बोलणारा खोटं बोलत नसतो. पण बिघडलेली प्रिंट हातात घेऊन पाहा. बहुतेक वेळा ती सगळीकडून लालसर-जांभळट असते, त्वचेवर मजेंटाची झाक पसरलेली असते. अशी प्रिंट दिसली की मी पहिल्यांदा एकच गोष्ट तपासतो: फोटोशॉपमध्ये प्रिंटरचं प्रोफाईल निवडलेलं असताना प्रिंटरच्या ड्रायव्हरमधली रंगदुरुस्तीही चालू राहिली आहे का? राहिली असेल तर एकाच फाइलवर दोनदा संस्कार होतात. फोटोशॉप आकडे कागदाला साजेसे करतो आणि ड्रायव्हर ते आकडे कच्चे समजून पुन्हा बदलतो. दोघांपैकी एकाने गप्प बसायला हवं. दुसरी चूकही तितकीच सार्वत्रिक आहे: कागद एका कंपनीचा, प्रोफाईल दुसऱ्याच कागदाचं. लस्टर कागदाचं प्रोफाईल लावून मॅट कागदावर छापलं तर शाई कागदात मुरते, सावल्या बसतात आणि काळा रंग राखाडी होतो. औषध दोनदा घेतलं किंवा दुसऱ्याचं घेतलं, तर दोष वैद्यकशास्त्राचा नसतो. या दोन्ही चुका समजावून सांगायला दहा मिनिटं लागतात. ज्यांनी ही दहा मिनिटं द्यायला हवीत तेच ‘सोडून द्या’ म्हणतात, याचं मला वाईट वाटतं.

आता ‘मशीन सांभाळून घेतं’ या श्रद्धेकडे. इथे मी जरा थांबणार आहे, कारण या वाक्याने आपल्याकडच्या हजारो चेहऱ्यांचं नुकसान केलेलं आहे.

लॅबचं मशीन रंग कसा ‘सांभाळतं’? या पद्धतीचं मूळ कोडॅकच्या राल्फ एव्हान्स यांच्याकडे जातं. फिल्मच्या काळात रंगीत निगेटिव्हवरून आपोआप प्रिंट काढताना उजेडाची झाक कशी काढायची, हा प्रश्न होता. एव्हान्स यांनी असं गृहीत धरलं की बाहेरच्या जगातल्या सर्वसाधारण दृश्यातले सगळे रंग एकत्र मिसळले तर साधारण राखाडी तयार होतो. म्हणजे ज्या चित्राची सरासरी राखाडी येत नाही त्यात उजेडाची झाक आहे असं समजायचं आणि सरासरी राखाडी होईपर्यंत प्रिंटचा रंग ढकलायचा. या पद्धतीचं अमेरिकी पेटंट 1951 मध्ये मिळालं, आणि पुढे कित्येक दशकं जगभरातल्या प्रिंटिंग यंत्रांनी याच तत्त्वावर काम केलं. सुट्टीतल्या समुद्रकिनाऱ्याच्या, बागेतल्या, वाढदिवसाच्या फोटोंवर ते बरं चालतं. पण ज्या चित्रात एकच रंग खरोखरच भरून राहिलेला आहे तिथे ते कोसळतं. हे कोडॅकलाही माहीत होतं. या अपयशाला त्यांच्या व्यवसायात स्वतंत्र नावही होतं.

आता हळदीचा समारंभ डोळ्यांसमोर आणा. नवरीच्या अंगावर पिवळी साडी, गालांना, हातांना हळद, मागे झेंडूच्या माळा, पिवळा पडदा. या चित्राची सरासरी पिवळीच येणार, कारण समोर पिवळंच आहे. राखाडी सरासरीच्या नियमाने चालणाऱ्या यंत्राला मात्र इथे पिवळ्या दिव्याची झाक दिसते. ते निळा वाढवतं. हळदीचा तो गडद, केशराकडे झुकणारा पिवळा कच्च्या लिंबासारखा फिका होतो, मागच्या पांढऱ्या भिंतीवर निळसर सावली येते आणि नवरीच्या कपाळावर, जिथे हळद लागलेली नाही तिथे, त्वचा राखेसारखी दिसते. या चित्रातला पिवळा हाच तर विषय होता. यंत्राने बिघाड समजून नेमका तोच काढून टाकला.

अल्बममध्ये हे आणखी विचित्र होतं. आपल्याकडे लग्नाच्या अल्बमचं पान म्हणजे बहुधा 12 बाय 36 इंचांची एक लांबलचक फाइल. तिच्यात सात-आठ फोटो, मागे डिझाइनरने टाकलेली सजावटीची पार्श्वभूमी, कडेला नक्षी, नावं. लॅबमध्ये ऑटो करेक्शन चालू असेल तर यंत्र हे सगळं एकच चित्र म्हणून वाचतं. पार्श्वभूमी मरून असेल तर ते लाल कमी करतं. पुढच्या पानाला मोरपंखी पार्श्वभूमी असेल तर हिरवा-निळा कमी करतं. परिणाम असा, की नवरीच्या चेहऱ्याचा रंग तिच्या मागच्या नक्षीवरून ठरतो. पान उलटलं की तीच मुलगी, तोच मंडप, तीच वेळ, आणि त्वचा वेगळी. अल्बम हातात घेतलेल्या आजीलाही हे दिसतं. तिला कारण सांगता येत नाही इतकंच.

आजची सॉफ्टवेअर चेहरे ओळखतात, केवळ सरासरीवर विसंबत नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण चेहरा ओळखल्यावर तो ‘नीट’ करायचा म्हणजे कसा करायचा? कुणाच्या चेहऱ्यासारखा? या प्रश्नाचा इतिहास आपल्यासाठी महत्त्वाचा आहे. 1954 मध्ये अमेरिकेत मक्तेदारीविरोधी कारवाईनंतर कोडॅकला फिल्मच्या किमतीत धुलाई-छपाईची किंमत बांधून विकणं थांबवावं लागलं. स्वतंत्र लॅब उभ्या राहिल्या. त्यांना आपली यंत्रं बसवण्यासाठी कोडॅककडून एक नमुना निगेटिव्ह आणि प्रिंट मिळू लागली, आणि त्या नमुन्यावर असे एका गोऱ्या तरुणीचा फोटो. पहिली मॉडेल शर्ली नावाची कोडॅकमधली कर्मचारी होती, म्हणून ते सगळे नमुने शर्ली कार्ड म्हणून ओळखले गेले. शर्लीची त्वचा नीट आली की यंत्र नीट बसलं असं समजलं जाई. कित्येक दशकं रंग तपासण्याचा मानदंड एक गोरी स्त्री होती. मॉन्ट्रियलच्या कॉन्कॉर्डिया विद्यापीठातल्या लॉर्ना रॉथ यांनी 2009 मध्ये यावर सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. तपकिरी छटांमधले बारीक फरक फिल्मवर उमटत नाहीत, अशी तक्रार कोडॅककडे फर्निचर आणि चॉकलेट बनवणाऱ्या कंपन्यांनी केली होती आणि ती ऐकली गेली, हेही त्यांच्या अभ्यासात येतं. वेगवेगळ्या वर्णांच्या स्त्रिया असलेलं कार्ड कोडॅकने 1990च्या दशकाच्या मध्यात काढलं.

आपल्याकडे या परंपरेला स्वतःच्या आवडीची जोड मिळाली. ‘जरा ब्राइट काढा’ ही सूचना लॅबच्या काउंटरवर सर्रास ऐकू येते. कित्येक ठिकाणी ऑपरेटर न विचारताच चेहरे उजळवतो, कारण तेच गिऱ्हाईकाला हवं असतं असं त्याला शिकवलेलं असतं. छायाचित्रकाराने सावळ्या त्वचेवरची चमक, गालावरची उबदार तांबूस छटा, डोळ्यांखालची मऊ सावली नीट टिपलेली असते; ती सगळी त्या एका बटणाने पिठूळ होते. सावळ्या मुलीच्या लग्नाच्या अल्बममधून तिचा रंग काढून घेणं ही तांत्रिक चूक नव्हे. तो तिचा अपमान आहे. आणि यंत्राच्या भरवशावर फाइल सोडणारा छायाचित्रकार त्यात सहभागी असतो. उजळ प्रिंट हवी हे कुटुंबाने ठरवलं तर तो त्यांचा हक्क आहे. न विचारता ठरवण्याचा हक्क लॅबला नाही, आणि तुम्हालाही नाही.

‘जुन्या लोकांकडे कुठे होती ही प्रोफाईलं? त्यांचा डोळा तयार होता.’ हा युक्तिवाद जुन्या लोकांविषयीच्या आदरातून येत असेल तर मी त्या आदरात सामील आहे. पण ते जुने लोक नेमकं काय करत होते, हे पाहा. रवि वर्म्यांचा शिळाछापखाना 1894 मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथल्या ओलिओग्राफांमध्ये, म्हणजे रंगीत शिळाछाप चित्रांमध्ये, प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड लागे. कुठला रंग आधी, कुठला नंतर, एकावर दुसरा चढला की तिसरा कोणता तयार होतो, कागद ओढून घेतो किती, हे सगळं प्रत्येक टप्प्यावर प्रूफ काढून, मूळ चित्राशेजारी धरून पक्कं केल्याशिवाय असं काम होऊच शकत नाही. त्यासाठी जर्मन तंत्रज्ञ आणले गेले होते. त्याच छापखान्यात काम केलेल्या दादासाहेब फाळक्यांनी पुढे स्वतःचा छापखाना काढला आणि रंगीत छपाईची यंत्रं जर्मनीहून आणली. ही माणसं डोळ्यावर विसंबून होती हे खरं, पण तो डोळा मूळ चित्र आणि प्रूफ शेजारी शेजारी ठेवून, ठराविक शाई आणि ठराविक कागद घेऊन काम करत होता. त्यांनी नशिबावर काही सोडलेलं नव्हतं. प्रोफाईल, सॉफ्ट प्रूफ (कागदावर काय उतरेल ते स्क्रीनवरच पाहणं), ठराविक उजेड ही त्याच शिस्तीची आजची साधनं आहेत. त्या कारागिरांचं नाव घेऊन शिस्तच सोडायला सांगणं हा त्यांच्यावर अन्याय आहे.

शिवाय डोळा कशात तरबेज आहे आणि कशात नाही, हे त्या माणसांना कळलेलं होतं. दोन गोष्टी शेजारी ठेवल्या तर त्यांतला बारीकसा फरक डोळा पकडतो. एकटा रंग पाहून तो ‘बरोबर’ आहे का, हे मात्र त्याला सांगता येत नाही, कारण डोळा भोवतालच्या उजेडाशी सतत जुळवून घेत असतो. पिवळ्या बल्बखाली अर्धा तास बसलात की पांढरा कागद पांढराच दिसू लागतो. मॉनिटर निळसर असेल तर काही मिनिटांत तो निळसरपणा जाणवेनासा होतो, आणि त्या न जाणवणाऱ्या निळ्याला उतारा म्हणून तुम्ही फाइलमध्ये पिवळा ओतत राहता. दुसऱ्या दिवशी प्रिंट पिवळी येते. तुमचा डोळा कितीही तयार असो, हा घोटाळा त्याला आतून दिसू शकत नाही, कारण तो स्वतःच त्या घोटाळ्यात उभा असतो.

सर्वांत मोठी तक्रार ‘प्रिंट काळपट आली’ ही असते, आणि तिचं कारण बहुतेक वेळा रंगात नसून मॉनिटरच्या प्रखरतेत असतं. नवे मॉनिटर दुकानातून येतात ते प्रति चौरस मीटर 300 कॅन्डेला किंवा त्याहून जास्त उजळ, कारण दुकानात उजळ मॉनिटर विकला जातो. प्रिंटसाठी संपादन करताना 80 ते 120 ही मर्यादा धरतात. 300 आणि 100 यांत तीन पटींचा फरक आहे, म्हणजे दीड स्टॉपहून जास्त. कॅमेऱ्यावर दीड स्टॉप चुकला तर आपण स्वतःला दोष देऊ. मॉनिटरवर तो रोज चुकतो आणि आपण लॅबशी भांडतो.

हे सगळं खर्चिक आहे, असं एक शेवटचं कारण पुढे केलं जातं. मॉनिटर मोजण्याचं साधं उपकरण चांगल्या पोर्ट्रेट लेन्सच्या किमतीच्या छोट्याशा भागात येतं. दोन-तीन छायाचित्रकारांनी मिळून घेतलं तरी चालतं, कारण ते रोज लागत नाही. ते चालवणारं आर्गिल सीएमएस हे सॉफ्टवेअर मोफत आहे, त्यावर बांधलेलं डिस्प्लेकॅलही मोफत आहे. लॅबच्या कागदाचं प्रोफाईल लॅबने द्यायचं असतं, आणि ज्या लॅबने ते बनवून घेतलेलं आहे तिला ते पाठवायला एक ईमेल पुरतो. खर्च खरा आहे तो सवय बदलण्याचा.

कलर मॅनेजमेंटच्या बाजूचे लोकही एक चूक करतात आणि त्यांनाही माझं सांगणं आहे. लग्नाचं काम करणाऱ्या माणसाला प्रोफोटो आरजीबी, सोळा बिट, चार प्रकारचे रेंडरिंग इंटेंट यांची व्याख्यानं देऊन घाबरवू नका. रोज अल्बम लॅबला पाठवणाऱ्याने सगळीकडे एसआरजीबी ठेवावं, प्रोफाईल जोडलेलंच ठेवावं, मॉनिटर मोजून घ्यावा, आणि थांबावं. एवढ्यानेच बहुतेक घोटाळे मिटतात. 1996 मध्ये एचपी आणि मायक्रोसॉफ्टने मांडलेल्या एसआरजीबीची कक्षा लहान आहे हे खरं. पैठणीच्या काही हिरव्या-मोरपंखी छटा तिच्याबाहेर जातात, आणि त्यातल्या काही चांगला इंकजेट छापूही शकतो. ज्यांना प्रदर्शनासाठी, चित्रकाराच्या मूळ कॅनव्हासच्या प्रतिकृतीसाठी, वस्त्रांच्या नोंदीसाठी छापायचं आहे त्यांनी जरूर मोठी कक्षा वापरावी आणि सॉफ्ट प्रूफ पाहूनच छापावं. झेंडूच्या माळेतला भगवा कागदाच्या कक्षेबाहेर गेला की रेंडरिंग इंटेंटच्या एका पद्धतीत सगळ्या पाकळ्या एकच सपाट ठिपका होतात आणि दुसऱ्या पद्धतीत भगवा किंचित उतरतो पण पाकळ्या सुट्या राहतात. त्या कामात हा फरक जाणणं कर्तव्यच आहे. पण ती पायरी पुढची.

प्रिंट कुठल्या उजेडात बघायची, हेही ठरवून ठेवा. छपाईच्या जगात त्यासाठी आयएसओ 3664 हे मानक आहे: डी 50 म्हणजे साधारण 5000 केल्विनचा उजेड, बारकाईने तुलना करायची तर सुमारे 2000 लक्स, एरवी पाहण्यासाठी 500. स्टुडिओत ती व्यवस्था नसेल तर दिवसा, थेट ऊन येत नाही अशा मोठ्या खिडकीशी उभं राहा. पण रात्री ट्यूबलाइटखाली लॅबला दोष देणारा फोन करू नका. उजेड बदलला की शाई बदलल्यासारखी वाटते. एप्सनने 2000 साली आणलेला स्टायलस फोटो 2000पी हा प्रिंटर याचं उघड उदाहरण होता. त्याच्या पिगमेंट शाईच्या प्रिंट टिकाऊ होत्या, पण दिव्याखाली ठीक वाटणारी प्रिंट दिवसाच्या उजेडात हिरवट दिसे. पुढच्या शायांमध्ये कंपनीला हे सुधारावं लागलं, कारण ग्राहकांना ते कळलं होतं.

आणि ग्राहकाला कळतंच. त्याला प्रोफाईल कळत नाही, डेल्टा ई हे रंगफरकाचं माप कळत नाही. पण लग्नातली पैठणी घरच्या कपाटात आहे. मुलगी ती काढते, अल्बमच्या पानाशेजारी धरते आणि तिला दिसतं की साडी राणी रंगाची आहे आणि पान लाल आहे. आपल्या आईचा चेहरा कसा होता हे ज्याला आठवतं, त्याला आईचा फोटो राखाडी झालेला कळतो. फोनवरचे हजारो फोटो जातात-येतात. भिंतीवर आणि अल्बमात राहिलेली प्रिंट पुढच्या पिढीला दाखवली जाते. तीस वर्षांनी त्या घरात कुणालाही नवरीच्या त्वचेचा खरा रंग विचारला तर उत्तर त्या कागदातूनच येणार आहे.

म्हणून पुढच्या अल्बमची ऑर्डर देण्याआधी लॅबला दोन प्रश्न विचारा. तुमच्या या कागदाचं आयसीसी प्रोफाईल मला द्याल का? आणि माझ्या फाइलींवर ऑटो करेक्शन पूर्ण बंद ठेवाल, असं ऑर्डरच्या पावतीवर लिहून द्याल का? दोन्हींना ‘हो’ मिळालं तर एक चाचणी पान छापून घ्या, खिडकीशी नेऊन पाहा आणि मग बाकीचं काम द्या. टाळाटाळ झाली तर लॅब बदला.